पहिली मॅच, बाबांच्या खांद्यावरून

कुठल्या क्लबचे तुम्ही? काहींना याचं उत्तर टीव्हीने दिलं, काहींना बापाने. या दुसऱ्या मंडळींना आम्ही जरा बोलतं केलं.

शनिवारी रात्री कुठल्याही पबमध्ये जा. भिंतभर स्क्रीन, टेबलावर पिचर आणि समोर लाल-निळ्या टी-शर्टातली चाळीसेक पोरं-पोरी. त्यातल्या एकाला हळूच विचारा, "बॉस, तू आर्सेनलचाच का?" उत्तर साधारण ठरलेलं असतं. "ऑन्रीमुळे यार." किंवा, "होस्टेलवर रूममेट होता ना, त्याच्यामुळे." एखादा प्रामाणिक प्राणी सांगूनही टाकतो, "प्लेस्टेशनवर ती टीम घेतली की मी जिंकायचो."

काही वाईट नाही त्यात. आपल्यातल्या बहुतेकांना क्लब मिळाला तो केबलवाल्याच्या कृपेने. पण गंमत बघा, यांना "तुझी पहिली मॅच कुठली?" असं विचारलं की गाडी अडते. टीव्हीवरची पहिली मॅच कुणाच्या लक्षात राहणार? सोफा तोच, घर तेच आणि आतून येणारी "आवाज कमी कर रे" ही हाकही तीच.

मात्र प्रत्येक ऑफिसात एखादा असा निघतोच, जो हा प्रश्न ऐकला की खुर्ची मागे सरकवतो, कॉफीचा मग खाली ठेवतो आणि म्हणतो, "थांब, सांगतो." अशा माणसाला डेडलाइनच्या दिवशी हा प्रश्न विचारू नका. तासभर जातो.

'शिवाजी' म्हणजे कुठला?

हिंजवडीत टेस्टिंग लीड असलेला आमचा एक मित्र आहे. वय अडतीस, ईएमआय दोन, कन्या एक. पॅन्ट्रीत प्रीमिअर लीगवरून वाद रंगला की हा गप्प. एकदा कुणीतरी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "आमचा क्लब शिवाजी." कुठला शिवाजी? "शिवाजी तरुण मंडळ. शिवाजी पेठ. कोल्हापूर." पुण्याच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा, चपला, अंबाबाई आणि कुस्ती, इथवर सगळ्यांना माहीत असतं. फुटबॉल?

होय, फुटबॉल. आणि गंमत म्हणजे हा फुटबॉल कुस्तीच्याच घरात वाढला. कोल्हापूरच्या टीमची नावं नुसती वाचा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. तालीम म्हणजे जिथे लाल मातीत जोर काढायचे ती. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभं केलं ते १९१२ साली. फुटबॉलचा कारभार पाहणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे लाडकी 'केएसए', १९४० ची, तीही संस्थानी काळातली. पेठेत जन्माला आलात की तालीम ठरली, तालीम ठरली की टीम ठरली. ट्रान्स्फर विंडो वगैरे भानगड खेळाडूंसाठी. समर्थकाला ती सोय नाही.

दिवाळी झाली की हळूहळू सीझन सुरू होतो, तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. सगळ्यांचं एकच मैदान, शाहू स्टेडियम. होम नाही, अवे नाही. सगळ्या पेठा एकाच वाडग्यात ओतलेल्या, फक्त गॅलऱ्या वाटून घेतलेल्या. कुणी कुठे बसायचं हे तिकिटावर लिहिलेलं नसतं, पण चुकीच्या गॅलरीत कुणी बसत नाही.

आमच्या मित्राची पहिली मॅच १९९४ च्या आसपासची. तो सहा-सात वर्षांचा. वडील एका सहकारी बँकेत कॅशियर. घरात वडिलांचा दरारा असा, की त्यांची सायकल बोळात वळली की रेडिओसुद्धा आपोआप हळू व्हायचा. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी टोपी घातली, पोराला म्हणाले, "चल." कुठं, कशाला, काही नाही. पोराला वाटलं, दवाखान्यात इंजेक्शन द्यायला चाललेत.

"गेटपाशी एवढी गर्दी होती की मला फक्त लोकांचे पट्टे दिसत होते," तो सांगतो. "पट्टे आणि पँटी. एकदम बाबांनी मला उचललं आणि खांद्यावर टाकलं. भावा, त्याच्या आधी मी बाबांच्या एवढ्या जवळ कधी गेलोच नव्हतो. त्यांच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. तो वास मला अजून येतो."

आणि मॅच? "मॅच कुणाला आठवतीय! हलगी वाजत होती. मागचा माणूस माझ्या डोक्यावरून शेंगांची टरफलं टाकत होता. आणि बाबा ओरडत होते. आमचे बाबा! जे घरात पाणी मागताना पण आवाज चढवत नाहीत, ते रेफरीला असं काही बोलले की मी खाली वाकून त्यांचं तोंड बघितलं. खरंच तेच आहेत का, म्हणून. मग आमच्या टीमनं गोल मारला आणि त्यांनी मला हवेत उडवलं. वर आकाश, खाली सगळी पेठ. परत येताना गाड्यावर उसाचा रस पाजला आणि एवढंच म्हणाले, इथं ऐकलेलं घरात बोलायचं नाही."

तो बोलला नाही. पण त्या रविवारनंतर घरातल्या त्या दराऱ्याची त्याला पूर्वीइतकी भीती वाटेनाशी झाली. आतल्या बाजूला कोण बसलंय हे त्याने पाहिलं होतं.

आम्ही जितक्या जणांशी बोललो, त्या जवळपास प्रत्येकाच्या आठवणीत हे एक होतंच. स्कोअर नाही, चाल नाही. आपला माणूस घराबाहेर कसा दिसतो, ते पहिल्यांदा दिसलं. सहा वर्षांच्या पोराला बाप ऑफिसात दिसत नाही, मित्रांच्या कट्ट्यावर दिसत नाही. स्टेडियममध्ये दिसतो. रडताना, नाचताना, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडताना.

बाबा म्हणतात, तू झोपला होतास

आता या सुंदर आठवणीला छोटंसं भोक पाडू या.

मित्राच्या म्हणण्यानुसार ती मॅच ३-२ अशी जिंकली होती, शेवटच्या मिनिटाला गोल वगैरे. गेल्या गणपतीत आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. वडील आता रिटायर झालेत. त्यांना विचारलं, काका, ती पहिली मॅच आठवते? ते शांतपणे म्हणाले, "तीन-दोन? छे. ती नंतरची. याला पहिल्यांदा नेलं ती गोलशून्य बरोबरी. आणि हा हाफटाइमलाच माझ्या मांडीवर झोपला." मित्राचा चेहरा बघण्यासारखा होता. आत गेला, पाणी पिऊन आला, म्हणाला, "बाबांचं वय झालंय. त्यांना आठवत नाही."

खरं कोण बोलतंय? बहुधा दोघंही, थोडं थोडं. मानसशास्त्रवाले सांगतात, की मोठेपणी आपल्याला आठवणारी सगळ्यात जुनी गोष्ट सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. आणि लहानपणीच्या आठवणी फोटोसारख्या जपून राहत नाहीत. दर वेळी सांगताना त्या नव्याने बांधल्या जातात. चार मॅचेसचा मसाला एका मॅचमध्ये पडतो. पहिल्या मॅचचा वास, तिसऱ्या मॅचचा गोल, दहाव्या मॅचचा स्कोअर. दहा वर्षं ती गोष्ट मित्रांना ऐकवली की झाली ती 'पहिली मॅच'.

काही जणांनी मात्र पक्का हिशोब ठेवलेला असतो. इंग्लिश लेखक निक हॉर्नबी हा त्यांचा महागुरू. त्याचं 'फीव्हर पिच' १९९२ साली आलं. आर्सेनलच्या वेडावरचं हे पुस्तक प्रत्येक मॅचच्या तारखेनिशी पुढे सरकतं. त्याची पहिली मॅच १४ सप्टेंबर १९६८, हायबरी स्टेडियम, आर्सेनल विरुद्ध स्टोक सिटी. आर्सेनलने ती १-० अशी जिंकली. गोलही काही देखणा नव्हता. पेनल्टी अडवली गेली आणि परत आलेला बॉल ढकलला. पोरगा अकरा वर्षांचा. आई-वडील वेगळे झालेले. शनिवारी-रविवारी भेटायला येणाऱ्या बापाला प्रश्न पडायचा, की या मुलाला घेऊन जायचं कुठे आणि बोलायचं काय? मग एकदा फुटबॉलला नेलं आणि दोघांना पुढची कित्येक वर्षं बोलायला विषय मिळाला. तिथे त्याच्या लक्षात काय राहिलं, तर आजूबाजूची मोठी माणसं किती वैतागलेली होती ते. पैसे देऊन एवढं दुःखी व्हायला लोक येतात, याचंच त्याला अप्रूप वाटलं. (मुंबईच्या लोकलने रोज ऑफिसला जाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.)

त्या हायबरीचं पुढे काय झालं, माहितीये? ७ मे २००६ ला तिथली शेवटची मॅच झाली. विगनविरुद्ध ४-२, ऑन्रीची हॅटट्रिक, आणि त्याने वाकून त्या गवताचं चुंबन घेतलं. आता तिथे फ्लॅट्स आहेत. दोन बाजूंच्या जुन्या स्टँडच्या भिंती ठेवल्यात आणि मैदान होतं तिथे सोसायटीचं गार्डन. म्हणजे ज्या जागी कुणाच्या बापाने त्याला पहिल्यांदा उचलून धरलं, त्या जागी आज कुणाचं तरी किचन असेल.

एक लाख एकतीस हजार, आणि एक शर्ट

लोअर परळला एका अॅड एजन्सीत आर्ट डिरेक्टर असलेला कोलकात्याचा एक मित्र आहे. त्याला पहिल्या मॅचची तारीख पाठ आहे, कारण ती तारीख सगळ्या कोलकात्याला पाठ आहे. १३ जुलै १९९७, सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची सेमीफायनल. ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. प्रेक्षक किती? सुमारे १ लाख ३१ हजार. वानखेडे जवळपास चार वेळा भरेल एवढी माणसं!

मॅचच्या आधी आठवडाभर दोन्ही कोचमध्ये शब्दांची लढाई. मोहन बागानचे अमल दत्ता आपल्या 'डायमंड' रचनेवर खूश होते, ईस्ट बंगालकडे पी. के. बॅनर्जी होते. निकाल ४-१, ईस्ट बंगाल. भायचुंग भुतियाची हॅटट्रिक. भारतीय फुटबॉलमधल्या सगळ्यात गाजलेल्या दुपारींपैकी एक.

आणि आमच्या मित्राने यातलं काय पाहिलं? "बाबांच्या पुढच्या माणसाचा शर्ट. चेक्सचा होता. पूर्ण घामाने भिजलेला." सात वर्षांचा होता तो. प्रत्येक गोलला सगळे उभे राहायचे आणि याला शर्ट दिसायचा. भायचुंगचे तिन्ही गोल त्याने नंतर पाहिले, व्हिडिओवर. "पण आवाज मी ऐकलाय," तो म्हणतो. "तो व्हिडिओत नाहीये. तो छातीत येतो, कानात नाही."

त्याचं घर फाळणीनंतर पलीकडून आलेलं, म्हणजे ईस्ट बंगाल ठरलेलंच. ईस्ट बंगाल जिंकलं की त्या घरात हिल्सा येते, मोहन बागान जिंकलं की शेजाऱ्यांच्या घरातून कोळंबीचा वास. त्या दिवशी बाजारात हिल्साला हात लावता येत नव्हता म्हणे, इतका भाव. तरी वडिलांनी आणली.

पण दर डर्बीला ही मंडळी घरी परतेपर्यंत आजी दारात बसलेली असायची. का, ते त्याला पुष्कळ उशिरा कळलं. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच दोन टीमच्या मॅचमध्ये स्टँडमध्ये मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा जण मेले. मॅच बघायला गेलेली पोरं ती. म्हणून त्याच्या आठवणीत हिल्साचा वास आहे आणि दारातली आजीही आहे.

तुमच्या क्लबने राजीनामा दिला तर?

आता जरा मुंबईकडे या. मुंबईत फुटबॉलला पेठ नव्हती, कंपनी होती. टाटा, एअर इंडिया, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, रेल्वे. क्लब म्हणजे चक्क ऑफिस! वडील जिथे मस्टरवर सही करतात, ती आपली टीम. आमच्या एका सीए मैत्रिणीची कूपरेजची पहिली आठवण अशी, की वडिलांचे साहेब दोन रांगा पुढे बसले होते आणि गोल झाल्यावर वडिलांनी साहेबांच्या पाठीत सणसणीत थाप मारली. घरी येईपर्यंत वडील टेन्शनमध्ये. "सोमवारी नोकरी राहील ना," असं आईला विचारत होते. राहिली.

नोकरी राहिली, टीम राहिली नाही. महिंद्र युनायटेडचंच बघा. १९६२ पासूनची टीम, २००५-०६ मध्ये नॅशनल लीग जिंकलेली. २०१० मध्ये कंपनीने ती बंद केली. कंपनीच्या टीमचं हे असं असतं. एखादा निर्णय वरून येतो आणि मेल पडतो. आपण ऑफिसवाले, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

पुण्याची गोष्ट तर आणखी ताजी. २००७ साली सुरू झालेला पुणे एफसी आय-लीगमध्ये २०१२-१३ ला थेट दुसरा आला आणि तीनच वर्षांत दिसेनासा झाला. २०१४ ला आयएसएल आली, एफसी पुणे सिटी आली. नारिंगी जर्सी, सहमालक हृतिक रोशन, पहिल्याच सीझनला १९९८ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या फ्रान्सच्या टीममधला डेव्हिड त्रेझेगे. बालेवाडीला बापलोक पोरांना घेऊन निघाले, कुणी हृतिकसाठी, कुणी फुटबॉलसाठी. आमच्याकडे यंदा आलेल्या एका ट्रेनी मुलाची पहिली मॅच तिथलीच. अकरा वर्षांचा होता. वडिलांच्या कंपनीत पास वाटले होते.

"गवत," तो म्हणाला. "मला गवतच आठवतं. लाइट्समध्ये एवढं हिरवं. आमच्या शाळेच्या ग्राउंडवर खडी होती." नारिंगी टी-शर्ट घेतला, दोन साइझ मोठा, म्हणजे पुढे पुरेल. टी-शर्ट पुरला. क्लब पुरला नाही. २०१९ मध्ये पैशांची गणितं फसली, एफसी पुणे सिटी गुंडाळली गेली आणि तिच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी आली. या मुलाने हैदराबादला सपोर्ट करायचा एक सीझन प्रयत्नही केला. "नाही जमलं. ते म्हणजे घर विकल्यावर नवीन मालकाला वास्तुशांतीला पेढे देण्यासारखं होतं." आईने तो टी-शर्ट स्कूटर पुसायला घेतला होता. याने तो धुऊन परत कपाटात ठेवलाय.

गोव्यात हेच जरा वेगळ्या चालीने झालं. धेंपो म्हणजे पाच वेळा राष्ट्रीय विजेते. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब ही सगळी मोठी घराणी. २०१६ मध्ये तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, कारण देशाच्या फुटबॉलचा नवा आराखडा त्यांना मान्य नव्हता. मडगावच्या एका मैत्रिणीचे बाबा त्यानंतर कित्येक वर्षं टीव्हीवर एकही भारतीय मॅच लावत नव्हते. धेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतले, तेव्हा त्यांनी मुलीला मुंबईला फोन केला. दुसरं काही बोलले नाहीत, फक्त "आले" म्हणाले. तिला कळलं.

म्हणून कोल्हापूरकर मंडळी सुदैवी. त्यांचे क्लब कुणा मालकाच्या बॅलन्सशीटवर नाहीत. तालमीवर आहेत, गल्लीतल्या वर्गणीवर आहेत. मधल्या काळात नायजेरियाचे खेळाडूही तिथल्या टीममधून खेळून गेले. कोल्हापूरच्या एका रिक्षावाल्याचा मुलगा, अनिकेत जाधव, २०१७ ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये देशाकडून खेळला. पण तालीम तिथेच आहे, त्याच बोळात.

तरी तिथेही सगळं आलबेल आहे असं समजू नका.

'शेवटची मॅचपण मला आठवते'

बाणेरमध्ये एका कंपनीत एचआर सांभाळणारी एक कोल्हापूरकरीण. तिची गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती.

"मी पहिल्यांदा गेलतो तेव्हा दुसरीत होतो," तिने सुरुवात केली. (कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात. 'गेले होते' करू नये, ही संपादकांना विनंती.) आजोबांबरोबर. आजोबा दिलबहारचे. नातू त्याच दिवशी तापाने फणफणला म्हणून त्यांनी नातीला नेलं. "आजोबांनी धोतराच्या सोग्यात चिरमुरे बांधून घेतलेले. मूठ मूठ देत होते. गॅलरीत मी एकटीच मुलगी. पण सगळे म्हणायचे, अरे नानांची नात आहे, पुढं बसवा तिला. मी कठड्याला नाक लावून बघितलं."

त्यानंतर ती दर रविवारी जायला लागली. भाऊ बरा झाला तरी. ऑफसाइड काय ते तिला चौथीत कळलं, वर्गातल्या सगळ्या मुलांच्या आधी. सहावीत असताना एके रविवारी ती चप्पल घालत होती, आजी म्हणाली, "तू न्हाई आता." कारण कुणी सांगितलं नाही. आजोबा काही बोलले नाहीत. भावाला घेऊन गेले.

"लोक पहिल्या मॅचचं सांगतात," ती म्हणाली. "मला शेवटची मॅचपण आठवते. फक्त ती बघताना ठाऊक नव्हतं की ही शेवटची."

आजीचं सगळंच चुकलं असं म्हणायला ती तयार नाही. गॅलरीची भाषा तिने ऐकलेली आहे. कोल्हापुरात पेठांची ईर्षा मैदानावर थांबत नाही. गॅलरीतून बाटल्या येतात, दगड येतात, मॅच थांबते, पोलिसांची काठी चालते. हुल्लडबाजीमुळे सामनेच्या सामने थांबवावे लागलेत आणि हे लपवण्यात काही अर्थ नाही. अशा प्रत्येक प्रसंगानंतर घराघरांत आया पोरांना सांगतात, "घरात बसून बघ." आता मोबाइलवर लाइव्ह दिसतंच. पोरगा घरात बसतो आणि मग रियल माद्रिदचा होतो.

इंग्लंडनेही हे भोगलंय. तिथे एके काळी लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या मैदानांवर मुलांसाठी स्वस्तातला वेगळा कोंडवाडा असायचा, त्याला म्हणायचेच 'बॉईज पेन'. छोट्यांना डोक्यांवरून हातोहात पुढे पाठवायचे, उभं राहायला घरून स्टूल न्यायचे. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरोच्या गर्दीत ९७ जीव गेले. त्यातला सगळ्यात लहान दहा वर्षांचा होता, पुढे लिव्हरपूलचा कप्तान झालेल्या स्टीव्हन जेरार्डचा चुलतभाऊ. त्यानंतर तिथली मोठी मैदानं पूर्ण खुर्च्यांची झाली, तिकिटं महागली. मुलं सुरक्षित झाली, पण बापाला दोन तिकिटं परवडणं अवघड झालं. कोल्हापूरला अजून तिकीट परवडतं. उरतो तो बाकीचा प्रश्न.

गेल्या सीझनला या एचआर मॅडमनी एक गंमत केली. पुण्याहून माहेरी गेल्या, बरोबर मुलगा, वय सात. त्याच्या अंगात मेस्सीचा दहा नंबर. आजोबा आता नाहीत, आजी आहे. रविवारी जेवणं उरकल्यावर तिने चप्पल घातली. भाऊ म्हणाला, "मी नेतो की त्याला, तू कशाला?" ती म्हणाली, "त्याला तू ने. मी माझी जातोय."

आजी ओसरीवर बसली होती. काही म्हणाली नाही. थोड्या वेळाने उठली, आत गेली आणि रुमालात चिरमुरे बांधून घेऊन आली.

गॅलरीत काही नजरा वळल्या. पाच मिनिटांत परत मैदानाकडे गेल्या, कारण कॉर्नर मिळाला होता. मुलाला पुढे काही दिसेना, म्हणून मामाने त्याला खांद्यावर घेतलं. चौथ्या मिनिटाला त्याने पहिली शिवी ऐकली आणि खाली वाकून विचारलं, "मम्मा, तो काका काय म्हणाला?"

"ऑफसाइड म्हणाला," तिने सांगितलं. "पुढं बघ."